सोलापूर-गोवा 300 किलोमीटर, मग 36 मिनिटांत का नाही?

जून 2025 ला सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हापासून आमच्या मामांचा एकच प्रश्न, का रे, विमान ताशी 500 नं जातं, अंतर 300, म्हणजे 36 मिनिटं झाली की, मग तिकिटावर तासाच्या वर कसं काय?

आधी अंतर बघू, हे कागदावर पण निघतं. सोलापूर साधारण 17.6 अक्षांश 75.9 रेखांश, मोपा, म्हणजे गोव्यातलं जिथं हे विमान उतरतं ते विमानतळ, 15.7 आणि 73.9. अक्षांशाचा एक अंश 111 किमी, रेखांशाचा मात्र आपल्याकडं 106 च, कारण रेखांशाच्या रेघा ध्रुवाकडं जवळ जवळ येत जातात. 1.9 गुणिले 111, 2 गुणिले 106, मग शाळेतला पायथागोरस, उत्तर 299. लांबच्या प्रवासाला हे चालत नाही, तिथं पृथ्वीचा गोलावा धरावा लागतो, पण एवढ्याला चालून जातं. ही रेघ जत, अथणीवरून तिरकी खाली जाते. गाडीनं मिरज, कोल्हापूर, आंबोली करत जावं लागतं म्हणून ते 400 च्या घरात.

आता मामांची खरी चूक. 500 हा स्पीड एटीआरसारखं पंख्याचं विमान वर सरळ उडत असतानाचा आहे, आणि या रूटवर ते सरळ उडतंच किती? समजा 18 हजार फुटांवर गेलं. चढताना स्पीड बराच कमी असतो आणि त्यातच 70-80 किमी जातात. उतरायचा पायलट लोकांचा ढोबळ हिशोब म्हणजे हजार फुटाला 3 सागरी मैल, म्हणजे 18 हजाराला 54 सागरी मैल, म्हणजे 100 किमी! चिकोडीच्या आसपासच खाली यायला सुरुवात. मधे उरले 120 किमी, त्याला 14 मिनिटं. तेवढंच अंतर 800 नं जाणाऱ्या जेटनं कापलं तरी 9, वाचली किती तर 5 मिनिटं, आणि जेट अजून वर चढतं त्यामुळं तेवढी पण वाचत नाहीत. सोलापुरात सात रस्ता ते आसरा चौक नवी बाईक घेऊन जा नाहीतर जुनी स्कूटी, सिग्नल तेच, तसंच हे.

शिवाय तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून तिकडं जाऊन थांबेपर्यंतची असते, त्यात रनवेपर्यंत रांगत जाणं आलं, वाऱ्याकडं तोंड करून उतरायचं म्हणून फिरून येणं आलं, उशीर होईल म्हणून धरलेली थोडी जास्तीची मिनिटं पण आली.

पावसाळ्यात खालच्या थरात वारं पश्चिमेकडून येतं, म्हणजे जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. हे सांगितलं तर मामा म्हणाले, मग येतानाचं तिकीट स्वस्त पाहिजे की.