३० लाखांचे ८४ लाख

२३ जानेवारी २०११ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर अमेरिकन फुटबॉलमधले दोन जुने वैरी भिडले: यजमान बेअर्स आणि शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातले ग्रीन बे पॅकर्स. पॅकर्स २१-१४ असे जिंकले आणि सुपर बोलमध्ये, म्हणजे त्या खेळाच्या वार्षिक अंतिम सामन्यात पोचले. विस्कॉन्सिनमधलं सगळ्यात मोठं शहर मिलवॉकी. ते शिकागोपासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर. दोन आठवड्यांनी अंतिम सामना लागला तेव्हा त्यात मिलवॉकीचा जीव अडकला होता, शिकागोचा नव्हता.

त्या सामन्याच्या जाहिरातींमध्ये 'थॉर', 'कॅप्टन अमेरिका', 'ट्रान्सफॉर्मर्स'चा तिसरा भाग, 'काउबॉइज अँड एलियन्स' असे पुढच्या काही महिन्यांत येणारे बरेच चित्रपट होते. अर्ध्या मिनिटाचा भाव साधारण ३० लाख डॉलर. स्टुडिओंनी या जागा घेतल्या तेव्हा अंतिम फेरीत कोण असेल याची कोणालाच कल्पना नव्हती. पॅकर्स तर मोसमाच्या शेवटच्या दिवशी, तेही बेअर्सनाच हरवून, बाद फेरीत कसेबसे शिरले होते. म्हणजे 'थॉर'ची जाहिरात शिकागोपेक्षा मिलवॉकीत जास्त पाहिली जाणार हे ठरलं ते एका सामन्याच्या निकालावर. स्टुडिओचा त्यात काडीचाही हात नव्हता. जाहिरातीचा परिणाम मोजू पाहणाऱ्याला याहून चांगली संधी मिळणं कठीण.

कारण साध्या हिशेबाने हा प्रश्न सुटत नाही. हॉलिवूडमध्ये १९९६ चं उदाहरण नेहमी दिलं जातं. त्या जानेवारीत 'इंडिपेंडन्स डे'च्या जाहिरातीत परग्रहवासीयांनी व्हाइट हाउस उडवताना दाखवलं, जुलैत चित्रपट आला आणि एकट्या अमेरिकेत ३० कोटी डॉलरच्या वर कमावून गेला. तेव्हापासून सुपर बोल म्हणजे उन्हाळ्यातल्या बड्या चित्रपटांचं हक्काचं व्यासपीठ झालं. पण हा पुरावा नव्हे. स्टुडिओ ज्या चित्रपटाकडून आधीच मोठ्या आशा बाळगतो त्याच्यावरच एवढा पैसा लावतो. तो पुढे चालला तर श्रेय जाहिरातीचं किती आणि चित्रपटाचं किती? उलट बाजूलाही तेच. २०१२ च्या सामन्यात 'जॉन कार्टर'ची जाहिरात होती आणि त्या चित्रपटापायी डिस्नेला सुमारे २० कोटी डॉलरचा तोटा मान्य करावा लागला. म्हणून जाहिरात निरुपयोगी ठरत नाही. ती नसती तर तोटा आणखी वाढला असता का, हे त्या एका आकड्यावरून कळायला मार्ग नाही.

गूगलमध्ये काम केलेले अर्थतज्ज्ञ सेथ स्टीव्हन्स-डेव्हिडोविट्झ, गूगलचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ हाल व्हेरियन आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाचे मायकेल स्मिथ यांनी सामन्याच्या निकालातली ही लॉटरी नेमकी हेरली. अंतिम सामना खेळणाऱ्या दोन संघांच्या शहरांत तो इतर शहरांपेक्षा जास्त पाहिला जातो. मग जाहिरात झालेले चित्रपट काही महिन्यांनी लागतात तेव्हा याच शहरांत त्यांची तिकिटं प्रमाणाबाहेर विकली जातात का? विकली जात असतील, तर जादा प्रेक्षक आणि जादा तिकिटं यांच्या नात्यावरून सबंध देशातल्या परिणामाचा अंदाज बांधता येतो. जिंकलेल्या शहरात लोक खुशीत असतात, एरवीही जास्त सिनेमे बघत असतील, ही शंका रास्त आहे. पण तसं असेल तर जाहिरात न केलेल्या चित्रपटांचाही गल्ला तिथे वाढलेला दिसला पाहिजे. ही शंका तपासून पाहता येते, हेच या पद्धतीचं मोठं बळ.

त्यांचं उत्तर २०१७ साली प्रसिद्ध झालं. ३० लाख डॉलरच्या जाहिरातीमागे पहिल्या शुक्रवार ते रविवारच्या तिकीटविक्रीत सरासरी ८४ लाख डॉलरची भर. (लेखकांपैकी दोघांचा गूगलशी, म्हणजे जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीशी संबंध, हे लक्षात असू द्यावं. पण पद्धत सगळ्यांसमोर आहे आणि मला ती पटते.)

८४ लाख हा आकडा मात्र जपून वाचायला हवा. तिकिटाचा सगळा पैसा स्टुडिओकडे जात नाही. अमेरिकेत ढोबळमानाने निम्मा चित्रपटगृह ठेवतं, पहिल्या आठवड्यात स्टुडिओचा वाटा थोडा जास्त. म्हणजे हाती येतात ४२ ते ५० लाख. ३० लाख खर्चून तेही वाईट नाहीत. दुसरं, या आकड्यात फक्त सुरुवातीचे दिवस आहेत. दुसऱ्या आठवड्यात येणारेच लोक पहिल्या आठवड्यात आले असतील, तर नफा दिसतो त्याहून कमी. उलट, मिलवॉकीतल्या कोणी शिकागोतल्या भावाला फोनवर 'तो थॉरचा सिनेमा बघ बरं का' म्हटलं असेल, तर ते तिकीट शिकागोच्या खात्यात जातं, दोन शहरांतला फरक कमी होतो आणि परिणाम आहे त्यापेक्षा लहान दिसतो. सामन्यानंतर दोन-तीन दिवस वर्तमानपत्रं आणि वाहिन्या जाहिरातींचीच चर्चा करत असतात. ती देशभर सारखीच पोचते, म्हणून तीही या मोजमापातून निसटते.

आणि शेवटी ती सरासरी आहे. २०११ मधल्या त्याच रात्री, त्याच भावाने झळकलेल्या 'ट्रान्सफॉर्मर्स'ने जगभरात १ अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला आणि 'काउबॉइज अँड एलियन्स' अमेरिकेत १० कोटींच्या आसपास अडकून पडला. त्याचा निर्मितीखर्चच याहून कितीतरी जास्त होता.

चित्रपटाच्या बाबतीत जाहिरात इतकी लागू का पडावी? माझ्या मते कारण सरळ आहे. थंड पेयाची चव सगळ्यांना ठाऊक असते, त्याची जाहिरात नवीन काही सांगत नाही. चित्रपट मात्र दर वेळी नवा माल असतो. तो अस्तित्वात आहे हेच आधी कळावं लागतं, आणि पहिल्या तीन दिवसांतच त्याचं बरंचसं भवितव्य ठरतं.

बिअर आणि थंड पेयांचा असाच अभ्यास वेस्ली हार्टमन आणि डॅनिएल क्लापर या मार्केटिंगच्या अभ्यासकांनी केला, तोही शहराशहरांतल्या प्रेक्षकसंख्येच्या फरकावरून. सुपर बोलमध्ये बिअरच्या जाहिरातींवर अनेक वर्षं बडवायझरच्या कंपनीची मक्तेदारी होती, आणि तिला जाहिरातीचा फायदा झालेला दिसला. पण कोक आणि पेप्सी दोघंही एकाच सामन्यात उतरले की दोघांच्याही पदरात फारसं काही पडलं नाही. एकमेकांचा आवाज दाबण्यातच दोघांचे पैसे गेले. चित्रपटांना हा इशारा लागू पडतो, कारण एकाच सामन्यात सात-आठ चित्रपट झळकणं नवीन नाही आणि त्यांतले बरेच त्याच उन्हाळ्यात, त्याच तरुण प्रेक्षकाच्या मागे लागलेले असतात.

मग आज काय? १९६७ च्या पहिल्या सुपर बोलमध्ये अर्ध्या मिनिटाचा भाव ४० हजार डॉलरच्या आसपास होता. २०११ मध्ये ३० लाख. २०२५ मध्ये काही जागा ८० लाखांना गेल्या. प्रेक्षक वाढले हे खरं, पण २०११ च्या ११ कोटी १० लाखांवरून २०२५ मध्ये १२ कोटी ७७ लाख, म्हणजे साधारण १५ टक्के. भाव मात्र अडीच पटींच्या वर. दरम्यान चित्रपटगृहांचा धंदा आटला. अमेरिका आणि कॅनडातला वर्षाचा गल्ला २०११ मध्ये १० अब्ज डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये तो ९ अब्जांच्या आत राहिला, आणि तोही तिकिटं महागलेली असताना. जुना परिणाम जसाच्या तसा धरला तरी ८० लाख देऊन स्टुडिओच्या हाती ५० लाख येतात.

यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. ३० लाखांत ८४ लाखांची विक्री होत असेल तर जागा स्वस्त होती, एवढाच त्याचा अर्थ. स्वस्त जागेवर गिऱ्हाइकांची झुंबड उडते आणि विकणारी वाहिनी भाव चढवत जाते, थेट ज्याला ती जेमतेम परवडते त्या गिऱ्हाइकापर्यंत. त्यामुळे 'जाहिरात चालते का' या प्रश्नाचं उत्तर अजूनही 'हो' असू शकतं आणि 'परवडते का' याचं 'नाही'.

स्टुडिओंनी यावर तोडगे काढले आहेत. काही सामना सुरू होण्याआधीच्या कार्यक्रमातली स्वस्त जागा घेतात. काही जण छोटीशी झलक दाखवून प्रेक्षकाला इंटरनेटवरच्या पूर्ण ट्रेलरकडे पाठवतात. २०२४ मध्ये 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'ने तेच केलं, आणि डिस्नेच्या आकडेवारीनुसार ट्रेलर २४ तासांत ३६.५ कोटी वेळा पाहिला गेला. विक्रीसाठी ही युक्ती उत्तम, मोजणीसाठी घातक. कारण झलक टीव्हीवर चुकली तरी ट्रेलर सकाळी प्रत्येकाच्या फोनवर हजर असतो, आणि ज्या फरकावर सगळं गणित उभं होतं तो शहरांमधला फरक पुसट होत जातो.

नेटफ्लिक्सने तर २०१८ मध्ये तिकीटच काढून टाकलं. सामन्यात 'द क्लोव्हरफील्ड पॅरडॉक्स'ची जाहिरात दाखवली आणि सांगितलं, सामना संपला की आज रात्रीच बघा. त्या वर्षी अंतिम फेरीत फिलाडेल्फिया आणि बॉस्टनकडचे संघ होते. जाहिरात आणि चित्रपट यांच्यात महिन्यांऐवजी काही तास, म्हणजे अभ्यासकाला हवी तशी जुळणी. पण तिकीटखिडकी नाही, त्यामुळे शहरवार विक्रीचा आकडाही नाही. कोणत्या शहरात किती जणांनी तो लावला आणि किती जणांनी अर्ध्यात बंद केला, ही नोंद फक्त नेटफ्लिक्सच्या संगणकांवर आहे.