चित्रकादंबरीचे स्वप्रकाशन (सातारा व सांगली)

चौकटींत मांडलेली चित्रे व मजकूर यांच्या एकत्र रचनेतून सांगितलेल्या, पुस्तकाच्या लांबीच्या कथेस चित्रकादंबरी म्हणतात. चित्रकार-लेखकाने मोठ्या प्रकाशनसंस्थेचा आधार न घेता ती स्वखर्चाने वा आगाऊ वर्गणीतून छापून स्वतःच विकणे, हा प्रस्तुत नोंदीचा विषय होय. मराठीत ‘ग्राफिक नॉव्हेल’ हीच संज्ञा जास्त रुळली आहे. ‘चित्रकथा’ हा शब्द बालवाङ्मयाला चिकटल्यामुळे प्रौढ विषय हाताळणारे चित्रकार तो सहसा टाळतात.

संज्ञा व उगम : ‘ग्राफिक नॉव्हेल’ ही संज्ञा रिचर्ड काइल या अमेरिकन समीक्षकाने १९६४ मध्ये वापरली आणि अमेरिकन चित्रकथाकार विल आयस्नरच्या १९७८ मधील पुस्तकानंतर ती सर्वत्र पोचली. भारतात पहिलेपणाचा मान बहुधा ओरिजित सेन यांच्या नर्मदा प्रकल्पावरील पुस्तकाला (१९९४) दिला जातो. काही समीक्षक तो सारनाथ बॅनर्जी यांच्या २००४ मधील कादंबरीला देतात. पहिले पुस्तक एका पर्यावरणवादी संस्थेने काढले, दुसरे मोठ्या व्यापारी प्रकाशनाने. पहिलेपणाच्या या वादाच्या मुळाशी प्रकाशन कोणत्या प्रकारचे मानायचे हा प्रश्न आहे. स्वप्रकाशनाच्या दृष्टीने १९९४ हेच वर्ष अधिक महत्त्वाचे मानणे योग्य.

मूळ आणखी मागे नेणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत गाऊन कथा सांगण्याच्या, परंपरेकडे बोट दाखवतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील मानसोल्लासात (सु. ११२९) चित्रकथकाचा उल्लेख येतो, आणि सिंधुदुर्गातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने ही कला टिकवली आहे. मात्र चित्रकथीची चित्रे सुटी असतात. त्यांचा मजकूर गायकाच्या तोंडी असतो, कागदावर नसतो. चित्र व अक्षर यांचा एकाच पानावरील संसार हे चित्रकादंबरीचे लक्षण धरले, तर हे नाते वडिलकीचे ठरते, थेट वंशाचे नव्हे.

दुसरा पक्ष मुद्रणाच्या तंत्राकडे पाहतो आणि तो सांगली जिल्ह्यात येऊन थांबतो. नाना फडणीसांच्या आश्रयाने पुण्यात एका तांबट कारागिराने भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरण्यास घेतली, १८०० मध्ये नाना वारल्यावर मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन यांनी त्यास मिरजेस आणवले आणि १८०५ च्या सुमारास तेथे गीता छापून झाली, अशी हकीकत मुद्रणेतिहासकार देतात. त्याच वर्षी बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी (धातूच्या सुट्या अक्षरांनी) छापले गेले. या योगायोगाचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. खिळ्यांच्या छपाईत अक्षर सुटे झाले आणि चित्र ठोकळ्याच्या रूपाने पानात पाहुणे म्हणून आले. पत्र्याच्या छपाईत मात्र संपूर्ण पान हाच एक घटक. एक ओळ राहिली तर सगळा पत्रा हातातून गेला असणार. पुढे शिळाछापाने (दगडावरून छपाईने) हीच पद्धत स्वस्त केली. जिनीव्हाच्या रोदॉल्फ टॉपफरने १८३० नंतरच्या दशकात ज्या चित्रमालिका काढल्या, त्याही शिळाछापाच्या: हस्ताक्षर व रेषा एकाच लेखणीने, एकाच कागदावर. मिरजेच्या गीतेत चित्रकथा नाही, हे अर्थातच खरे. तरीही पान हे एकक मानण्याची रीत शोधायची तर पिंगुळीपेक्षा मिरज जवळ पडते.

स्थानिक पूर्वपरंपरा : स्वतः काढावे, स्वतः छापावे ही वृत्ती या भागात औंध संस्थानाच्या परिसरात प्रकर्षाने दिसते. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते. त्यांचे चित्ररामायण १९१६ च्या सुमाराचे. त्यात प्रसंगचित्र आणि त्याचे निरूपण अशी जोडी असल्याने काही अभ्यासक त्यास चित्रकादंबरीचे पूर्वरूप म्हणतात. चौकटींची साखळी नसल्याने तसे म्हणणे जरा ओढूनताणून वाटते. पण लेखक, चित्रकार व प्रकाशक एकच असण्याचे ते ठळक उदाहरण आहे. वेदाभ्यासक श्री. दा. सातवळेकर (१८६७–१९६८) हेही मूळचे चित्रकार. १९१८ च्या सुमारास औंधला येऊन त्यांनी स्वाध्याय मंडळाद्वारे आपली ग्रंथसंपदा स्वतःच छापून टपालाने देशभर पाठवली. त्याच संस्थानातील, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये निघू लागलेल्या नियतकालिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) हेसुद्धा व्यंगचित्रकार होते. औंध, किर्लोस्करवाडी ही लहान गावे. वाचक मात्र महाराष्ट्रभर पसरलेला. आजचा स्वप्रकाशक इंटरनेटवर जे करतो, त्याचा नमुना येथे सापडतो.

साताऱ्याचे आणखी एक नाते आशयाचे आहे. डॉ. आंबेडकरांच्या जीवनावरील ‘भीमायन’ (२०११, चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम) या गोंड शैलीतील चित्रकादंबरीतला मसूर स्थानकाचा प्रसंग सातारा जिल्ह्यातला. खटाव तालुक्यात रोखपाल असलेल्या वडिलांना भेटण्यास निघालेल्या मुलांना तेथे गाडीवान मिळेना, ही १९०१ ची घटना आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली आहे. जिल्ह्यातली गोष्ट जिल्ह्याबाहेर चितारली व छापली गेली, याची खंत येथील तरुण चित्रकारांच्या बोलण्यात अधूनमधून डोकावते.

निर्मिती : खर्चाचे गणित फर्म्यांवर चालते. डेमी कागदाच्या एका बाजूस ८ व दुसऱ्या बाजूस ८ अशी १६ पाने मिळून एक फर्मा होतो. ९६ पानांच्या डेमी अष्टमांश पुस्तकाचे फर्मे ६. एकरंगी छपाईस प्लेटा (फर्म्याच्या दर बाजूस, दर रंगास छपाईचा एक पत्रा) १२, चौरंगी छपाईस ४८. काळ्या-पांढऱ्या चित्रकादंबऱ्यांची बहुसंख्या कलादृष्टीपेक्षा या आकड्यांतून जन्मते, हे स्पष्ट म्हटलेले बरे. पानांची संख्या १६ ने, निदान ८ ने भागली जावी असा बेत कथा लिहितानाच करावा लागतो. नाहीतर शेवटी कोरी पाने उरतात किंवा अर्धा फर्मा महाग पडतो. शंभर-दोनशे प्रती हव्या असल्यास ऑफसेटऐवजी डिजिटल छपाई परवडते. तिच्यात प्रतीमागचा खर्च जास्त असला तरी प्लेटांचा खर्च नसतो.

कागद हा चित्रकाराला हमखास फसवणारा विषय. कादंबरीसाठी सर्रास वापरला जाणारा ७० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो कागद काळ्याभोर चौकटी सोसत नाही. पाठीमागचे रात्रीचे दृश्य पुढच्या पानावरच्या दिवसात उतरते. म्हणून ९० ते १०० जीएसएमचा कागद घेतात. परफेक्ट बायंडिंगमध्ये (पाने कण्याशी चिकटवलेल्या बांधणीत) समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेले चित्र मधल्या घळीत गिळले जाते. शिवण बांधणीत हा दोष कमी. रेषाचित्रे ६०० ते १२०० डीपीआयने (दर इंचातील ठिपके) स्कॅन करावीत, रंगचित्रांना ३०० पुरतात.

अक्षरलेखन हा देवनागरीचा खास प्रश्न, आणि तो जरा तपशिलाने सांगणे भाग आहे. रोमन लिपीतील चित्रकथेत फुग्यातील अक्षरे बहुतेक मोठ्या लिपीत, एका उंचीची असतात. दोन ओळी जवळ आणता येतात. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, तर खाली उकार व जोडाक्षरांची शेपटे असतात. त्यामुळे तितक्याच मजकुराला फुगा उंच लागतो. त्यातच बोलीची भर पडते. सांगलीकडचे ‘काय करालाईस?’ हे प्रमाण मराठीतल्या ‘काय करतोस?’पेक्षा लांब, ते आखूड केले तर पात्र पुण्याचे होऊन बसते. म्हणून आधी अक्षरे आखावीत, मग फुगा, आणि त्यानंतर चित्राची रचना, असा उलटा क्रम अनुभवी मंडळी पाळतात. संगणकावर दुसरे संकट उभे राहते: जुन्या चित्रसंपादन प्रणालीत युनिकोड मजकूर टाकल्यास जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसते. बरेच छापखाने अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांवर काम करतात. फाइल तिथे उघडताच मजकूर बदलण्याचा धोका असतो. अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर करूनच पीडीएफ द्यावी. ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखे टंक मुक्त परवान्याने उपलब्ध असल्याने पुस्तकात विनामूल्य वापरता येतात. हाताने अक्षरे काढणाऱ्यांना यातले काहीच भेडसावत नाही. त्यांना भेडसावते ती दुसऱ्या आवृत्तीतील शुद्धलेखनाची दुरुस्ती.

कायदा व नोंदणी : आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, लेखक-प्रकाशकालाही तो घेता येतो. प्रताधिकार कायद्यानुसार (१९५७) हक्क निर्मितीबरोबरच उत्पन्न होतो व लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. नोंदणी सक्तीची नाही. लेखक व चित्रकार दोन व्यक्ती असतील तर लेखी करार हवाच. हक्क-हस्तांतरणाच्या लेखात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती ५ वर्षे समजतो. मैत्रीत सुरू झालेल्या जोड्यांना ही तरतूद सहसा उशिरा कळते. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास, तसेच चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील नियत ग्रंथालयांस प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. छापील पुस्तकांच्या विक्रीवर जीएसटी नाही.

प्रसार व विक्री : भांडवलासाठी ‘प्रकाशनपूर्व सवलत’ ही जुनी मराठी रीत अजून चालते, आगाऊ पैसे भरणाऱ्यांची नावे शेवटच्या पानावर छापतात. पुस्तक-विक्रेत्याचे कमिशन साधारण ३० ते ४० टक्के धरावे लागते. म्हणून प्रत थेट विकण्याकडे कल असतो.

साताऱ्यातील ग्रंथमहोत्सव, संक्रांतीला औदुंबर येथे भरणारे साहित्यसंमेलन आणि ग्रामीण भागातील लहान संमेलने ही विक्रीची खरी ठिकाणे होत. तेथे मूळ चित्रांचे कागद टेबलावर उघडे मांडल्यास गर्दी थांबते, पण पुष्कळदा चित्र बघून पुढे जाते. शाळांत चित्रकला शिक्षकामार्फत प्रवेश सोपा होतो. एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी मुले हा तयार वाचकवर्ग आहे. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे ‘पुस्तकांचे गाव’ (स्थापना ४ मे २०१७) वाचकाला पुस्तक दाखवण्यास उत्तम; मात्र तेथे लोक घराघरांत बसून वाचायला येतात, विकत घ्यायला नव्हे. इन्स्टाग्रामवर एकेक चौकट टाकण्याची पद्धत सर्वत्र आहे. सुट्या चौकटीवरून पानाच्या रचनेचा पत्ता लागत नाही, ही तिची मर्यादा.

टपालाने पाठवण्यासाठी १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये असा मूळ दर. पुस्तक ३०० ग्रॅमच्या आत बसवायचे की चांगला कागद वापरायचा, हा पेच त्यामुळे पुन्हा फर्म्यापर्यंत येऊन पोचतो. उरलेल्या प्रती ठेवण्याचा प्रश्न सांगलीत वेगळाच आहे. २०१९ च्या ऑगस्टमधील कृष्णेच्या महापुरानंतर तळमजल्यावर गठ्ठे ठेवण्यास नदीकाठचे लोक धजत नाहीत.

सार्वजनिक ग्रंथालयांची खरेदी हा मोठा आधार ठरू शकतो. १९६७ च्या कायद्याखालील अ, ब, क, ड वर्गांची अनुदानित ग्रंथालये दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आहेत. अडचण नोंदवहीत येते. ड्यूई दशांश वर्गीकरणात चित्रकथांचा क्रमांक ७४१.५, म्हणजे चित्रकलेच्या कपाटात; ग्रंथपाल ‘गोष्टीचे पुस्तक’ म्हणून बऱ्याचदा ती बालविभागात ठेवतात. कादंबऱ्यांच्या मांडणीवर ती क्वचितच आढळते.