मुदतपूर्व निवडणुकीची तारीख मुख्यमंत्री ठरवत नाही

फोंड्याला हॉटेलात भाजी-पाव खाताना दर वेळी ऐकतो, मुख्यमंत्र्याच्या मनात आलं की तो विधानसभा मोडतो आणि पाहिजे तेव्हा इलेक्शन लावतो, २००२ ला गोव्यात मुख्यमंत्री पर्रीकरांनी नाही का केलं! अर्धंच खरं आहे हो हे. पर्रीकरांनी फेब्रुवारीत बरखास्तीची शिफारस केली, मेमध्ये मतदान झालं, पण तारीख निवडणूक आयोगाची.

फरक बघायचा तर त्याच वर्षीचं गुजरात बघा. जुलैत तिथल्या तेव्हाच्या मोदी सरकारने विधानसभा आधीच बरखास्त करून घेतली, लगेच निवडणूक हवी होती, पण आयोगाने दंगलीनंतरची परिस्थिती आणि मतदारयाद्या बघून नाही म्हटलं. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त गॅप नको असं राज्यघटनेचं कलम १७४ सांगतं, मग सहा महिन्यांत निवडणूक सक्तीची की नाही, हा वाद राष्ट्रपतींमार्फत सुप्रीम कोर्टात गेला. ऑक्टोबरमध्ये कोर्टाने सांगितलं, ही अट चालू विधानसभेला लागते, मोडलेल्या नाही, वेळापत्रक कलम ३२४ खाली आयोगाचंच. पण आयोगाने उगाच लांबवायचंही नाही, साधारण सहा महिन्यांत उरकायचं, आणि मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मधल्या काळात लोकांनी निवडून दिलेलं सभागृहच नसतं. गुजरातेत शेवटी डिसेंबरात मतदान झालं.