आकडा आठ लाखांचाच, हिशेब वेगळा: उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर

‘नॉन-क्रिमीलेअर काढलंय, म्हणजे फी माफ झाली’ हे वाक्य दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत ऐकू येतं आणि दरवर्षी ते चुकीचंच असतं. त्याचं जुळं भावंड म्हणजे ‘बाबांचा पगार आठ लाखांच्या वर आहे, आपल्याला कुठलं मिळतंय नॉन-क्रिमीलेअर!’ पहिल्या गैरसमजाचा फटका फी भरताना बसतो, दुसऱ्याचा प्रवेश घेताना. दुसरा जास्त महागात पडतो, कारण त्यात हक्काची जागाच हातची जाते. नॉन-क्रिमीलेअर म्हणजे मागास प्रवर्गातलं घर क्रिमीलेअरमध्ये, म्हणजे सुस्थितीतल्या घरांत, मोडत नाही असं सांगणारं प्रमाणपत्र. आरक्षित जागेसाठी ते लागतं.

उत्पन्नाचा दाखला बहुतेक घरांना माहीत असतो. तहसील कार्यालय तो देतं, मागच्या आर्थिक वर्षाचं कुटुंबाचं उत्पन्न त्यावर असतं आणि ३१ मार्चला त्याची मुदत संपते. पगार, दुकान, भाडं, शेती, आईची शिकवणी, सगळं त्यात धरायचं. पगारदारांनी फॉर्म १६ वरचा वजावटीनंतरचा करपात्र आकडा लिहू नये, एकूण पगाराचा लिहावा. आयकर वाचवायला ८०सी मध्ये किती गुंतवलंत याच्याशी तहसीलदाराला घेणंदेणं नाही. या दाखल्याबद्दल एवढं पुरे.

नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र देतात उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपलं प्रांत कार्यालय. ते लागतं इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांना. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ते लागतच नाही. तरीही सायबर कॅफेतला कोणीतरी त्यांना ‘काढून ठेवा, असू दे’ म्हणून पाठवतो आणि एक दिवस वाया घालवतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला हवा फक्त उत्पन्नाचा दाखला. अडीच लाखांपर्यंत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यावर फ्रीशिप, म्हणजे फी माफी.

आता खरी गोम. फीच्या सवलतीला आणि नॉन-क्रिमीलेअरला, दोन्हीकडे आकडा आठ लाखांचाच आहे, म्हणून लोक समजतात की दोन्हीकडे एकच उत्पन्न मोजलं जातं. तसं नाही.

नॉन-क्रिमीलेअर ठरवताना पहिला प्रश्न पैशाचा नसतोच, पालकांच्या पदाचा असतो. आई किंवा वडील सरकारी नोकरीत थेट गट अ मध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, भरती झालेले असतील, किंवा दोघंही गट ब अधिकारी असतील, तर मूल क्रिमीलेअरमध्ये. घरात पैसे किती येतात हे विचारलंच जात नाही. पालक गट क किंवा गट ड मध्ये असतील तर उत्पन्नाची कसोटी लागते, पण त्या कसोटीत पगार धरत नाहीत. शेतीचं उत्पन्नही धरत नाहीत. उरतं ते भाडं, धंदा, व्याज वगैरे. ही तत्त्वं १९९३ च्या केंद्राच्या आदेशापासून चालत आली आहेत. तेव्हा मर्यादा एक लाख होती, २०१७ मध्ये ती आठ लाख झाली. शिवाय ही मर्यादा सलग तीन वर्षं ओलांडली गेली तरच मूल क्रिमीलेअरमध्ये जातं. एखाद्या वर्षी मोठी रक्कम आली म्हणून घाबरायचं कारण नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याला ही सवलत नाही. तिथे एकच वर्ष बघतात आणि त्या वर्षी वेतन आयोगाची थकबाकी आली असेल तर तीही पगारातच मोजली जाते.

ऐरोलीतलं एक घर धरा. वडील राज्य शासनात गट क कर्मचारी, वर्षाचा पगार साडेनऊ लाख, आई घरी, दुसरं उत्पन्न नाही, मुलगी ओबीसी. नॉन-क्रिमीलेअरच्या हिशेबात या घराचं उत्पन्न शून्य. प्रमाणपत्र मिळायला हवं, आणि अभियांत्रिकीची ओबीसी जागाही. पण तहसीलदाराच्या दाखल्यावर साडेनऊ लाख येतील. मुलींच्या १०० टक्के शुल्क सवलतीचा ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय कुटुंबाचं एकत्रित वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावं असं म्हणतो. तेव्हा जागा मिळाली, सवलत नाही. ‘प्रवेशाला चाललेलं प्रमाणपत्र फीला का चालत नाही’ म्हणून महाविद्यालयाच्या कारकुनाशी भांडण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर वेगळ्या प्रश्नाचं उत्तर मागणारा अर्ज आहे.

दुसरं घर ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरच्या दुकानदाराचं. दुकानातून सहा लाख, मुरबाडच्या शेतीतून अडीच लाख. उत्पन्नाचा दाखला साडेआठ लाखांचा, नॉन-क्रिमीलेअरसाठी मात्र सहा. इथेही जागा मिळते, सवलत हुकते.

उलटही होतं, आणि ते कोणाच्या लक्षातच येत नाही. वडील थेट गट अ मध्ये भरती झालेले, आता निवृत्त, वर्षाला सात लाख पेन्शन. उत्पन्नाचा दाखला आठ लाखांच्या आत येईल. पण पदावरून ठरलेलं क्रिमीलेअर निवृत्तीनं पुसलं जात नाही, त्यामुळे नॉन-क्रिमीलेअर मिळणार नाही.

खासगी नोकरीतल्या पालकांचं, म्हणजे ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या निम्म्या नवी मुंबईचं, चित्र इतकं स्वच्छ नाही. केंद्राच्या २००४ च्या स्पष्टीकरणानुसार, जिथे पदांची सरकारी पदांशी तुलना ठरलेली नाही तिथे पगार आणि इतर उत्पन्न वेगवेगळं तपासतात. दोन्हींची बेरीज करत नाहीत, पण एकटा पगारच मर्यादेवर गेला तर अडचण येते. यावरून कोर्टकज्जे झालेले आहेत. तेव्हा ‘पगार धरतच नाहीत’ हा व्हॉट्सॲपवरचा निरोप खासगी नोकरदारांनी डोळे झाकून पुढे ढकलू नये. तो प्रामुख्यानं सरकारी पदांबद्दल खरा आहे.

अर्ज फेटाळला जातो तो बहुतेकदा कागद चुकीचे जोडल्यामुळे. गट क कर्मचारी नॉन-क्रिमीलेअरच्या अर्जाला तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला जोडतो, त्यावर साडेनऊ लाख असा एकच आकडा असतो. त्यातला पगार किती, शेती किती, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. त्याला आठच्या वरचा आकडा दिसतो आणि अर्ज मागे येतो. म्हणून कार्यालयाकडून पदाचं नाव, पदाचा गट आणि तीन वर्षांचा वेतन तपशील असं पत्र घ्या आणि ते सगळ्यात वर जोडा. शेती असेल तर सातबारा आणि शेतीच्या उत्पन्नाचा वेगळा उल्लेख हवा. तरीही नकार आला तर तोंडी नकारावर घरी येऊ नका. कारणासह लेखी मागा, कारण लोकसेवा हक्क अधिनियमाखालचं पहिलं अपील ३० दिवसांत करावं लागतं आणि त्याला कागद लागतो.

अर्ज कुठे करायचा यावरूनही नवी मुंबईकर हमखास फसतात. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा भाग पनवेल तालुक्यात, जिल्हा रायगड. पत्त्यात ‘नवी मुंबई’ लिहिलंय म्हणून खारघरच्या माणसानं ठाण्याची लोकल पकडू नये.

फीच्या सवलतीबद्दल आणखी एक स्पष्ट सांगायला हवं, कारण ‘मुलींना शिक्षण मोफत’ या मथळ्यानं बराच घोळ घातला आहे. माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, बस हे खिशातूनच. प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून हवा, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या निर्णयातून वगळलेली आहेत, आणि नवी मुंबईत त्यांची कमी नाही. तेव्हा महाविद्यालयाच्या नावापेक्षा ते कोणत्या विद्यापीठाखाली येतं हे आधी बघा.

मग कुठे काय लावायचं? जाहिरातीत किंवा शासन निर्णयात ‘वार्षिक उत्पन्न’ असा शब्द असेल तर तहसीलदाराचा दाखला. ‘नॉन-क्रिमीलेअर’ असेल तर प्रांताचं प्रमाणपत्र. दोन्ही शब्द असतील तर दोन्ही कागद. ‘शिष्यवृत्ती म्हणजे उत्पन्न, प्रवेश म्हणजे नॉन-क्रिमीलेअर’ ही ढोबळ विभागणी मला आवडत नाही, कारण ती मोडते. महाज्योती या ओबीसी, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गासाठीच्या राज्य शासनाच्या संस्थेचं स्पर्धा परीक्षांचं प्रशिक्षण आणि पीएचडीची अधिछात्रवृत्ती बघा. प्रशिक्षण आणि पैसा दोन्ही आहेत, पण कागद विचारतात तो नॉन-क्रिमीलेअरचा. साडेनऊ लाख पगाराच्या त्या ऐरोलीच्या घरानं फीची सवलत हुकली म्हणून हा दरवाजाही बंद समजणं म्हणजे निव्वळ नुकसान. विद्यापीठाची निव्वळ गुणांवरची पारितोषिकं तर यातलं काहीच मागत नाहीत.

आठ लाखांची तिसरी भानगड ईडब्ल्यूएसची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाची. ते आरक्षण नसलेल्या प्रवर्गांसाठी आहे, पगार आणि शेती दोन्ही धरतात, आणि केंद्राच्या नमुन्यात घर-जमिनीच्याही अटी आहेत. ओबीसी विद्यार्थ्याला नॉन-क्रिमीलेअर नाकारलं म्हणून तो ईडब्ल्यूएसमध्ये जाऊ शकत नाही.

मुदतीचं: राज्यातल्या प्रवेशांना नॉन-क्रिमीलेअर पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं, आणि मूळ प्रत वेळेत दिली नाही तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो. आयआयटी-एनआयटीला राज्याचं प्रमाणपत्र चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं, त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर दिलेलं लागतं, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. दोन्ही नमुने एप्रिलमध्येच एकत्र मागून घ्या. कागद जवळपास तेच लागतात, आणि जूनमध्ये प्रांत कार्यालयात अख्खा तालुका लोटलेला असतो.