विहिरीचे टीसीएल शुद्धीकरण

पिण्याच्या विहिरीत विरंजक चूर्ण (ब्लीचिंग पावडर) मिसळून रोगजंतू मारण्याची पद्धत. पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ या जलजन्य आजारांना गावपातळीवर आवर घालणारा हा सर्वांत स्वस्त उपाय. महाराष्ट्रातील खेड्यांत चूर्णाला ‘टीसीएल’ (ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम) म्हणतात. ते टाकण्याचे काम ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो.

मात्रा साधारणपणे १,००० लिटरला ५ ग्रॅम. गोल विहिरीतले पाणी काढण्याचे सूत्र: व्यास × व्यास × पाण्याची खोली (मीटरमध्ये) × ७८५ = लिटर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर २८,२६० लिटर, म्हणजे सुमारे १४० ग्रॅम टीसीएल. खोली दर वेळी दोरीला दगड बांधून मोजावी. वैशाखातले माप आषाढात चालत नाही, आणि नेमके तेव्हाच पाणी गढूळ होऊन क्लोरीन जास्त लागते.

पावडर थेट विहिरीत फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करावी (एका बादलीत १०० ग्रॅमपर्यंतच), मग पाऊण बादली पाणी घालून ढवळावे. ५–१० मिनिटांत चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली पाण्याखाली सोडावी व दोरीने वरखाली, आडवी हलवावी. चोथा विहिरीत गेला तर पाणी जड होते. निदान तासभर उपसा बंद हवा. म्हणून रात्रीची वेळ बरी.

मग पाण्यात क्लोरीन उरला का हे पाहणारी ओटी चाचणी: १ मि.ली. पाण्यात ०.१ मि.ली. ऑर्थोटोलिडिन (क्लोरीन असल्यास पिवळा रंग देणारे रसायन). पिवळा रंग १० सेकंदांच्या आत पाहावा, कारण उशिरा चढणाऱ्या रंगात संयुक्त (अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला) क्लोरीनही धरला जातो. तासाभरानंतर मोकळा (कशाशीही न जोडलेला) क्लोरीन लिटरला ०.५ मि.ग्रॅ. असावा.

रंग आलाच नाही तर बहुधा दोष पावडरीचा. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. ओल्या खोलीत उघड्या पडलेल्या पोत्यातून तो उडून जातो. २० टक्क्यांखालची पावडर वापरू नये. दुसरे कारण माणसाचे: वासाची तक्रार आली की मात्रा गुपचूप कमी होते.

घरगुती आडासाठी नागपूरच्या ‘नीरी’ (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेने दुहेरी मडक्याची पद्धत काढली. आतल्या मडक्यात १ किलो टीसीएल व २ किलो जाड वाळू. दोन्ही मडक्यांना १ सें.मी.चे भोक. ते पाण्याखाली मीटरभर टांगले की दोन-तीन आठवडे क्लोरीन झिरपत राहतो.

यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांतील पाण्यात फ्लोराइड आहे; ते मात्र टीसीएलने जात नाही.