जपानमध्ये दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या मुलांचे दंतोपचार: विमा, इकुसेइ इर्यो आणि कागदपत्रे

जपानमध्ये दातांना तारा लावायच्या तर सगळा खर्च खिशातून, असे कोणीही सांगेल, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरेही आहे. ज्यांचा ओठ किंवा टाळू जन्मतः दुभंगलेला आहे, त्यांना मात्र हा नियम लागू नाही. १९८२ पासून या मुलांचे दात व जबडा सरळ करण्याचे उपचार आरोग्य विम्यात बसतात. विम्याला वयाची अट नाही; शाळेआधी २० टक्के आणि पुढे ३० टक्के भरावे लागतात.

अट आहे ती दवाखान्याची. आरोग्य मंत्रालयाच्या अटी पूर्ण करून तशी नोंद केलेल्या दवाखान्यातच हे उपचार विम्यात धरले जातात. घराजवळचा ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारा दंतवैद्य) कितीही चांगला असला तरी त्याची तशी नोंद नसेल, तर पूर्ण बिल तुमचे. म्हणून पहिल्या भेटीआधीच फोन करून ‘कोशिन-कोगाइरेत्सु’साठी (दुभंगलेल्या ओठ-टाळूसाठी) ‘होकेन’, म्हणजे विमा, चालतो का, एवढे विचारून घ्यावे. विद्यापीठांच्या दंतरुग्णालयांपासून चौकशी सुरू केलेली बरी. पारदर्शक अलाइनर मात्र यात धरू नयेत.

विम्यानंतर जी रक्कम उरते, तिच्यासाठी ‘इकुसेइ इर्यो’, म्हणजे मुलांच्या उपचारखर्चाची सरकारी मदत आहे. मूल १८ वर्षांखालचे हवे, पालकांची नोंद त्या नगरपालिकेत हवी आणि उपचाराने सुधारणा अपेक्षित असावी. नागरिकत्वाची आडकाठी नाही. हिस्सा १० टक्क्यांवर येतो आणि त्यालाही महिन्याची कमाल मर्यादा असते. नगरपालिकेचा कर लागत नसलेल्या घरांना उत्पन्नानुसार २,५०० किंवा ५,००० येन, उत्पन्नावरचा वार्षिक नगरपालिका कर ३३,००० येनपेक्षा कमी असल्यास ५,०००, आणि ३३,००० ते २,३५,००० येनच्या दरम्यान असल्यास १०,०००. मधल्या दोन गटांची मर्यादा ही तात्पुरती सवलत म्हणून चालू आहे. कर २,३५,००० येन किंवा जास्त असेल तर या उपचारासाठी ही मदत मिळत नाही. दोघे कमावते असलेली आयटीतली कुटुंबे इथेच अडकतात. त्यांनी नगरपालिकेच्या बाल-वैद्यकीय मदतीकडे वळावे. टोकियोच्या २३ वॉर्डांत विम्यात बसणाऱ्या उपचारांचा मुलांचा हिस्सा शाळकरी वयभर, म्हणजे १८ वर्षे पूर्ण होतात त्या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीपर्यंत, वॉर्डच भरतो. इतर शहरांचे नियम वेगळे. मुलाला ही मदत मिळत असली तरी काही ठिकाणी आधी इकुसेइ इर्योचा अर्ज करा असे सांगतात.

इकुसेइ इर्योचा अर्ज कुयाकुशो (वॉर्ड कार्यालय) किंवा शियाकुशोत (नगरपालिका कार्यालय), काही ठिकाणी आरोग्य केंद्रात होतो. नगरपालिकेच्या नमुन्यावर, या मदतीसाठी नेमलेल्या दवाखान्याच्या डॉक्टरचे मतपत्र, म्हणजे ‘इकेन्शो’, हा त्यातला मुख्य कागद. त्यात उपचाराची योजना, कालावधी आणि अंदाजे खर्च लिहिलेला असतो. तो त्याच दिवशी हातात पडेल असे धरू नका. शिवाय मुलाचा आणि विमाधारक पालकाचा विमा-पुरावा (नवी विमाकार्डे २ डिसेंबर २०२४ पासून बंद झाल्याने ‘शिकाकु काकुनिन्शो’ हे विम्याचे प्रमाणपत्र किंवा मायना पोर्टल या सरकारी संकेतस्थळावरची माहिती), दोघांचे मायनंबर (वैयक्तिक ओळख क्रमांक) आणि झाइर्यू कार्ड (परदेशी रहिवाशाचे ओळखपत्र).

कराचा दाखला हा बाहेरून आलेल्यांचा खास घोळ. १ जानेवारीला ज्या शहरात नोंद होती, तेच शहर दाखला देते. त्या तारखेला तुम्ही जपानमध्येच नव्हता, तर दाखला निघतच नाही. अशा वेळी प्रवेशाचा शिक्का असलेला पासपोर्ट घेऊन जावे आणि पर्यायी कागद कोणता चालेल ते खिडकीवर विचारावे. नवी करआकारणी जूनमध्ये होते, तोवर आधीच्या वर्षाचा आकडा पाहिला जातो.

अर्ज उपचार सुरू होण्याआधीच करावा. नंतर केलेल्या अर्जावर मागचे बिल परत मिळेल असे समजू नये. नावाचेही तपासा. मधले नाव म्हणून वडिलांचे नाव लावायच्या आपल्या पद्धतीमुळे नोंदणीत रोमन लिपीत एक, विम्यात काताकाना लिपीत दुसरे, असे होते आणि अर्ज परत येतो.

इकुसेइ इर्यो मंजूर झाल्याच्या दाखल्यावर रुग्णालयाचे नाव आणि मुदत छापलेली असते. शस्त्रक्रिया एकीकडे आणि तारा दुसरीकडे असतील तर दोन्हींची नोंद हवी, औषधदुकानाचीही. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. नूतनीकरणासाठी नवे मतपत्र लागते, म्हणून ते वेळेआधी मागावे.

हे उपचार सलग चालत नाहीत. शस्त्रक्रियेच्या व्रणामुळे वरचा जबडा आखडतो. साधारण ६ ते ८ वर्षांच्या सुमारास तो रुंद करतात. मग हिरडीच्या फटीत, बहुधा कमरेच्या हाडातून घेतलेले हाड बसवतात, सुळा उगवण्याच्या आधी. सुळ्याला उतरायला हाड मिळावे हा हेतू; सुळा आधीच फटीत उतरला तर रोपण टिकण्याची शक्यता घटते. कायमचे दात आल्यावर पूर्ण तारा. रुंद केलेला जबडा पुन्हा आखडू पाहतो, त्यामुळे रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर ठेवणारे साधन) चुकवून चालत नाही.

१८ नंतर इकुसेइ इर्यो संपते, विमा चालूच राहतो. पुढची मदत ‘कोसेइ इर्यो’ची, म्हणजे प्रौढांसाठीच्या तशाच योजनेची; तिला अपंगत्वाची सरकारी पुस्तिका लागते. दुभंगामुळे चावण्यात अडचण असेल तर नेमलेल्या दंतवैद्याच्या मतावर ४थ्या श्रेणीची पुस्तिका मिळू शकते.

भारतात परतायचे ठरले की तारीख लगेच ऑर्थोडॉन्टिस्टला सांगा. रहिवासी नोंद रद्द होताच विमा संपतो आणि तारा अर्ध्यात राहतात. शिफारसपत्र इंग्रजीत मागा. एक्स-रे, दातांचे साचे आणि कोणत्या तारा वापरल्या याची नोंद सोबत घ्या. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत ऑर्थोडॉन्टिक्स विभाग आहेत, आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेल्या ओठ-टाळूचा समावेश आहे.