क्रूझर वळत नाही, कारण ती जड असते?

माझ्या एका मित्राने गेल्या महिन्यात स्पोर्ट्स बाईक विकून क्रूझर घेतली, म्हणजे लांब, बुटकी, ताठ बसून आरामात चालवायची मोटरसायकल. चाळिशी जवळ आली होती, पुढे वाकून मनगटं भरून यायची, घरून तगादा होताच. पहिल्याच रविवारी ताम्हिणीत एका डाव्या वळणावर गाडी त्याच्या अंदाजापेक्षा दोन हात बाहेर, मधल्या पट्टीच्या पलीकडे गेली. समोरून काही येत नव्हतं म्हणून निभावलं. परत आल्यावर म्हणाला, "जड धूड आहे रे, वळतच नाही."

हे वाक्य मी स्पोर्ट्सवरून क्रूझरवर आलेल्या बहुतेकांकडून ऐकलंय, आणि ते बहुतांशी चूक आहे. पुरावा आपल्या पुण्याच्याच दोन गाड्यांत सापडतो. बजाजची पल्सर २२० आणि अ‍ॅव्हेंजर २२०. इंजिन मूळचं एकच, २२० सीसीचं, अ‍ॅव्हेंजरमध्ये थोडं मवाळ केलेलं. वजन दोघींचं १६० किलोंच्या आसपास, फरक जेमतेम काही किलोंचा. तरी दोन्ही चालवलेला माणूस डोळे बांधूनही सांगेल की या वेगळ्या जातीच्या गाड्या आहेत. पल्सरच्या दोन चाकांतलं अंतर १३५० मिलिमीटर, अ‍ॅव्हेंजरचं १४९०. सीट ७९५ वरून ७३७ मिलिमीटरवर उतरलेली. म्हणजे वजन तेच आहे, बदलली आहे ती भूमिती. आणि त्या भूमितीतला माझा सगळ्यात आवडता भाग पुढच्या चाकापाशी आहे.

मित्राच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या. एक त्याची क्रूझर, दुसरी शेजारच्या मुलाची स्पोर्ट्स बाईक. हँडल ज्या नळीत फिरतं, गॅरेजवाले जिच्यात कोन सेट बसवतात, त्या नळीच्या रेषेत एक दोरी ताणून थेट जमिनीपर्यंत नेली आणि तिथे खडूने फुली मारली. मग टायर जमिनीला जिथे टेकतो तिथे दुसरी फुली. दोन्ही गाड्यांत दोरीची फुली पुढे आणि टायरची मागे आली. स्पोर्ट्स बाईकमध्ये मधलं अंतर पाच बोटं, क्रूझरमध्ये सात. या अंतराला म्हणतात ट्रेल. ती नळी उभ्या रेषेपासून जितकी कललेली असते, तो कोन म्हणजे रेक. स्पोर्ट्स गाड्यांत रेक साधारण २३ ते २५ अंश असतो, क्रूझरमध्ये तिशीच्या आसपास किंवा पुढे.

ट्रेल काय करतो? ऑफिसच्या खुर्चीचं छोटं चाक बघा. खुर्ची ढकलली की चाक आपोआप मागे फिरतं आणि फरफटत येतं, कारण ते ज्या खिळ्यावर फिरतं त्याच्या मागे जमिनीला टेकतं. मोटरसायकलचं पुढचं चाकही असंच ओढलं जातं. खड्ड्याने ते जरा वाकडं झालं, की रस्ता टायरला बाजूने ढकलतो. हा धक्का हँडलच्या आसाच्या मागे लागतो, म्हणून चाक पुन्हा सरळ होतं. आसापासून धक्क्यापर्यंतचं अंतर ही तरफ. पाच बोटांची तरफ सात बोटांची झाली, की तेवढ्याच धक्क्याने चाक जास्त जोरात सरळ होतं. हायवेवर क्रूझर रेल्वेसारखी सरळ जाते ती यामुळे.

पण वळायचं तर याच जोराशी झगडावं लागतं. आणि वळायचं कसं, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, रोज करत असले तरी. डावीकडे वळण्यासाठी चालत्या गाडीचं हँडल आधी क्षणभर उजवीकडे फिरवावं लागतं. डाव्या हाताने डावी मूठ पुढे ढकलायची. चाकं उजवीकडे सरकतात, गाडीचा वरचा भाग डावीकडे पडू लागतो, आणि मग पुढचं चाक स्वतःहून डावीकडे वळून त्या कलण्याला सांभाळून घेतं. विमानाच्या आधी सायकली बनवणाऱ्या विल्बर राईट यांनी हे नेमकं टिपलं होतं. त्यांनी डझनावारी सायकलस्वारांना विचारलं, तर ते हँडल नेमकं कसं फिरवतात हे एकालाही पहिल्या फटक्यात बरोबर सांगता आलं नाही.

माझ्या मित्राच्या हातांना जुन्या गाडीचा जोर पाठ होता. तेवढ्याच जोराने त्याने नव्या गाडीची मूठ ढकलली. लांब ट्रेलने विरोध केला, चाक कमी फिरलं, गाडी झोपायला, म्हणजे वळणाच्या बाजूला कलायला, वेळ लागला. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. पाव सेकंद उशीर झाला, की गाडी पावणेचार मीटर सरळच जाते. त्याच्या मधल्या पट्टीचा हिशोब इथे आहे.

आता थोडं गणित करू. धरा, एका गाडीचा रेक २४ अंश आणि ट्रेल १०० मिलिमीटर, दुसरीचा ३२ अंश आणि १४० मिलिमीटर. ट्रेलला रेकच्या साइन आणि कोसाइनने गुणलं, की हँडल किती ओघळतं त्याचं माप मिळतं. पहिल्या गाडीला ३७ मिलिमीटर, दुसरीला ६३. ओघळणं म्हणजे काय? कललेल्या नळीमुळे हँडल वळवलं की गाडीचं तोंड किंचित खाली येतं, आणि वजन त्याला आणखी त्याच बाजूला ओढतं. म्हणजे वेगात जे हँडल हट्टाने सरळ राहतं, तेच बारक्या गल्लीत यू-टर्न घेताना आतल्या बाजूला कोसळू बघतं, आणि तेही जवळजवळ पावणेदोन पट. एकाच भूमितीची ही दोन उलटी रूपं मला फार सुंदर वाटतात. त्यात भर म्हणजे लांब व्हीलबेस (दोन चाकांतलं अंतर, पल्सरचं १३५० आणि अ‍ॅव्हेंजरचं १४९० धरून) आणि जास्त रेक मिळून, याच आकड्यांत, तेवढंच वळण घ्यायला हँडल सुमारे एक पंचमांश जास्त फिरवावं लागतं.

चाकं भिंगरीसारखी फिरतात म्हणून गाडी उभी राहते, असं शाळेत अनेकांनी ऐकलेलं असतं. १९७० साली डेव्हिड जोन्स यांनी सायकलला उलट फिरणारं जादा चाक लावून तो परिणाम जवळजवळ शून्य केला, तरी ती चालवता आली. २०११ मध्ये डच आणि अमेरिकी संशोधकांनी भिंगरीचा परिणामही नाही आणि ट्रेलही नाही अशी छोटी सायकल बनवली, आणि तीही ढकलून सोडल्यावर स्वतःचा तोल सांभाळत गेली. म्हणजे ट्रेल हे सर्वस्व नाही, वजनाची मांडणीही तेवढीच बोलते. पण आपल्या गाड्यांत, आपल्या हातांना जे जाणवतं ते मुख्यतः ट्रेलच.

दसऱ्याला गाडीला हार घालणं मलाही आवडतं. पण हँडलला लिंबू-मिरची आणि काळी दोरी बांधून घाटात निघू नका. हँडलची मोकळी हालचाल हेच गाडीचं संरक्षण आहे आणि तिथेच दोरी अडकते. तसंच जाड टायरचं. "मागे रुंद टायर टाका, ग्रिप वाढते" असं सांगून दुकानदार पैसे घेतात. गाडी किती अंश झोपवायची हे वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येने आणि गुरुत्वाने भागून ठरतं, त्यात वजन कुठेच येत नाही. ताशी ५४ ला ४० मीटर त्रिज्येचं वळण म्हणजे ३० अंश. टायर रुंद असला की टेकण्याची जागा आतल्या बाजूला सरकते, म्हणून वर आणखी काही अंश झोपवावं लागतं, आणि बैठक जितकी खाली तितकी ही भर मोठी. स्पोर्ट्स बाईक ४५ अंशांपर्यंत सहज जाते. बऱ्याच क्रूझरचे फूटरेस्ट तिशीच्या आसपासच रस्त्याला घासतात. फूटरेस्टखाली एक बोल्ट खाली आलेला असतो, तो आधी घासून इशारा देतो.

ब्रेकचं गणितही बदलतं. गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटर उंच आणि व्हीलबेस १३५ धरला, तर जोराच्या ब्रेकला, गुरुत्वाच्या ०.७ पट, एकूण भारापैकी ३१ टक्के पुढे सरकतो. मुळात निम्मा भार पुढे असेल तर मागच्या चाकावर उरतात १९ टक्के. क्रूझरमध्ये उंची ५२, लांबी १४९ आणि पुढे ४३ टक्के धरा, तर मागे ३३ टक्के राहतात. स्पोर्ट्स बाईकवर पायातला ब्रेक विसरण्याची सवय लागलेली असते. क्रूझरवर तीच सवय एक तृतीयांश ब्रेक वाया घालवते.

मग आम्ही एका मोकळ्या मैदानात गेलो. आधी ताशी ४० ला आलटून पालटून मुठी ढकलायच्या, गाडी हलते किती ते बघायचं. नंतर यू-टर्न. तिथे तो आतल्या हाताने ढकलत होता आणि हँडल अजूनच कोसळत होतं. मी त्याला बाहेरच्या हाताने धरून ठेवायला सांगितलं, पायाचा ब्रेक हलका दाबून. दहाव्या खेपेला गाडी दोन पार्किंगच्या रुंदीत फिरली.

पुढच्या रविवारी तो पुन्हा ताम्हिणीत जाऊन आला. संध्याकाळी खाली वाकून त्याने मला डाव्या फूटरेस्टखालचा बोल्ट दाखवला. काळ्या रंगात, टोकाला, नखाएवढा पत्रा नवा चकाकत होता.